इद्रीस होडेकरचा हळू चेंडू

नाटे गावच्या कातळावर खड्डा खणायचा म्हणजे पहार मोडायची तयारी हवी. तिथे यष्ट्या रोवणार कोण? म्हणून रॉकेलचा रिकामा डबा उभा करायचा, आणि त्याला चेंडू लागला की गडी बाद. डबा जितका जोरात वाजेल तितका गोलंदाज मोठा. या मापाने होडेकरांचा इद्रीस विसाव्या वर्षीच गावातली बडी असामी होता. त्याने वाजवलेला डबा म्हणे बंदरातल्या मचव्यांवर ऐकू जायचा. म्हणे कशाला, इद्रीस स्वतःच तसं सांगायचा.

१९५६च्या हिवाळ्यात मुंबईच्या एका गिरणीने त्याला उचललं. दोन गिरण्यांचे संघ गावोगाव फिरून, तिकीट लावून एकमेकांशी सामने खेळत. दौरा पार पडला की गिरणीत कायमची नोकरी. इद्रीसला ती मिळाल्यातच जमा वाटत होती.

साताऱ्याला त्याने मार खाल्ला, कोल्हापूरला त्याहून जास्त. गावात त्याचा चेंडू कानाशी उसळला की समोरचा गडी डबा सोडून पळायचा. हे पगारी फलंदाज पळायला तयारच नव्हते. मान जरा बाजूला करायची, चेंडूला नुसती बॅट लावायची, की तो आपल्याच वेगाने सीमेपार. समोरच्या संघाचा सलामीचा फलंदाज केरू पवार तर एकदा खुशाल जांभई देत होता. चौकार इद्रीस विसरला असता, जांभई कशी विसरणार? त्याने आणखी जोर लावला. केरूने आणखी दोन चौकार मारले.

तिसरा सामना रत्नागिरीचा. आदल्या दिवशी मॅनेजर महिपतरावांनी त्याला बोलावून घेतलं.

"उद्या जमलं नाही तर तू इथूनच घरी जा. बेळगावच्या गाडीत तुला घेणार नाही."

इद्रीस मैदानावर येऊन बसला. तिथे यष्टिरक्षक धोंडू काथ्याचं मॅटिंग ताणून खिळे ठोकत होता. चाळिशीचा, चिपळूणकडचा, बोलायला कंजूष माणूस.

"ते तुला घाबरत नाहीत," धोंडू म्हणाला, "पण तुझ्या वेगासाठी बॅट आधीच उचलून ठेवतात. उचलू देत. तू उशिरा ये."

"म्हंजी हळू टाकू?" इद्रीस भडकला. "हातात जोर असून?"

धोंडूने पुढचा खिळा ठोकला. इद्रीसने जरा वेळ तोंड फुगवून घेतलं, मग चेंडू उचलला. धाव तीच, हात तोच, फक्त चेंडू तळव्यात खोल धरलेला. पहिले पंधरा चेंडू भलतीकडेच गेले. शेवटचे पाच बरे पडले. पाच बरे पडले म्हणजे आपल्याला हे येतं, असं त्याने धोंडूला जाहीर करून टाकलं.

सामन्याला थोरला भाऊ अली लाँचने आला होता. त्याला गावाने धाडलं होतं. काय घडलं ते बघायचं आणि परत जाऊन सगळ्यांना सांगायचं.

"इद्रीस, वाजव डबा!" दोरीपलीकडून अली ओरडला.

पहिले चार चेंडू इद्रीसने जीव खाऊन टाकले. केरूने चारही सोडून दिले. पाचव्याला धावायला वळताना इद्रीसला अली दिसला, दोन्ही मुठी आवळून उभा. यालाच आता आपण हळू चेंडू दाखवणार, या विचाराने त्याला लाज वाटली. तरी तो तसाच धावला, तसाच हात फिरवला, आणि चेंडू हळू सोडला.

केरू बॅट फिरवून मोकळा झाला तेव्हा चेंडू अजून येतच होता. तो बॅटच्या कडेला लागून वर उडाला आणि मिडऑफच्या ओंजळीत अलगद पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अलीने मुठी सोडल्या, एवढंच.

मग इद्रीसला रंग चढला. तीन वेगात, एक हळू. दोन हळू, एक वेगात. कुठला कधी येणार हे फलंदाजांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पाच गडी गेले, पाचही झेल देऊन. एकदाही यष्टी उडाली नाही.

"ट्रंक गाडीत टाक," महिपतराव जाताजाता म्हणाले.

अली मात्र चिंतेत होता. त्याने इद्रीसचा खांदा चाचपून पाहिला.

"हात दुखावलाय काय रे तुझा?"

"नाय भाई. मुद्दाम टाकले."

"मुद्दाम?" अलीने खांद्यावरचा हात काढून घेतला. "हे गावात नाय सांगता येणार. मी सांगेन, पाचही जणांच्या यष्ट्या उडवल्यास."

महिन्यापूर्वी इद्रीसने हे आनंदाने चालवून घेतलं असतं, वर दोन यष्ट्या मोडल्याचंही सांगायला लावलं असतं. आता त्याने भावाच्या गळ्यात हात टाकला.

"खोटं नको सांगूस. झेल दिले म्हणून सांग. आणि ते मी द्यायला लावले, हेही सांग."