कारण समाधानकारक असल्यास

विमा कंपनीत लोकांचे दावे तपासणाऱ्या या गृहस्थांना सगळे भिंगसाहेब म्हणतात. जळालेल्या फ्रिजचा फोटो आला की ते फ्रिजकडे बघतच नाहीत. मागची भिंत काळी पडली आहे का, ते आधी बघतात. सातव्या वर्षी त्यांच्या खेळण्यातल्या पत्र्याच्या पहारेकऱ्याचा हात मोडला. "आपोआप मोडला," असं थोरल्या बहिणीने सांगितलं. तेव्हापासून जगात काही आपोआप घडतं यावर त्यांचा विश्वास नाही. याच गुणावर त्यांना दोन बढत्या मिळाल्या.

तोच पहारेकरी, दोन्ही हातांसह, मूळ कारखान्याने पुन्हा काढायचं ठरवलं. संग्राहकांसाठी, फक्त तीनशे नग. साहेबांनी खेळण्यांच्या दुकानात आगाऊ नोंदणी केली. चार महिन्यांनी दुकानाचा ईमेल आला: माल यायला उशीर आहे, नोंदणी ठेवायची की रद्द करायची, कृपया कळवावे.

"एवढी गोडीगुलाबी कशाला?" ते बायकोला म्हणाले. "भाव चढला असणार. मी रद्द करावी म्हणून टपून बसलेत."

"मग ठेवायची म्हणून कळवा."

"लेखी काही देऊ नये."

बायकोने हात टेकले.

पंधरा दिवसांनी दुसरा ईमेल आला: उत्तर न आल्याने नियम अकरानुसार नोंदणी रद्द.

साहेब तडक दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी नियम दाखवला. बारीक टायपात, शेवटून दुसरा. साहेबांनी स्वतः बसवला असता तर अगदी तिथेच.

"उत्तर का दिलं नाही, ते या फॉर्मवर लिहा," बाई म्हणाल्या. "कारण समाधानकारक असेल तर नोंदणी परत चालू होते."

साहेबांनी लिहिलं: 'मला तुमचा संशय आला.'

बाईंनी कागद वाचला, मग चष्म्यावरून साहेबांना वाचलं. "अहो, खरं कारण लिहा ना. हे कोण मानेल?"

हे वाक्य साहेब रोज दहा जणांना ऐकवत. पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग पहिली ओळ खोडून त्यांनी लिहिलं: 'ईमेल आपोआप पुसला गेला.'

"हां, असं सांगा की," म्हणत बाईंनी शिक्का मारला.

घरी आल्यावर त्यांनी बहिणीला फोन लावला. "ताई, माझ्या पहारेकऱ्याचा हात खरंच आपोआप मोडला होता का गं?"



"आज का विचारतोयस?" बहीण म्हणाली. "कोणी सांगितलं तुला?"