मोदकांच्या दिवशी झुटफेन

लंडनच्या पिनर भागात राहणाऱ्या माझ्या मृणालमावशीचे उकडीचे मोदक म्हणजे पातळ पारीचे, कळीदार. दर गणपतीला ती थोरल्या जावेकडे, नंदावहिनींकडे, पहाटेपासून ते वळत बसायची. वहिनींनी जन्मात एक पारी केली नव्हती. तरी २००५ साली सगळ्या पाहुण्यांदेखत त्या म्हणाल्या, "मोदक माझ्याच हातचे हो. मृणालला कुठलं जमायला!"

दुसऱ्याच दिवशी मावशीने हॉलंडचा नकाशा आणला.

वर्षभर ती माझ्याशिवाय कुणाला न सांगता, चवीचवीने बेत आखत होती. अ‍ॅमस्टरडॅम नको, तिथे कुणीही उठून जातं. इंग्लंडच्या हारविच बंदरातून बोट, पुढे झुटफेन नावाचं जुनं गाव, नदीकाठची कुरणं, भाड्याची सायकल. तारीख मात्र तिने सगळ्यात आधी ठरवली होती: ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या, आदला रविवार, म्हणजे बरोब्बर गणेश चतुर्थी.

आदल्या दिवशी आम्ही दोघी बोटीच्या रांगेत असताना वहिनींचा फोन आला. "अगं, घर भरून माणसं येताहेत. उद्या किती वाजता येतेस?"

मावशीच्या आवाजात नुसता गूळ होता. "मी कशाला, वहिनी? मोदक तुमच्याच हातचे असतात ना!"