पाठ फिरवून बसणारे सर

डिसोजा सर गेल्याचा फोन त्यांच्या बायकोने, रोझीबाईंनी, पहिला मला केला. "सगळ्यांका कळव," म्हणाल्या. मी फोन लावत सुटलो, पण एक जण विश्वास ठेवेल तर शपथ. "बंट्या, सकाळी सकाळी सोंगा करू नको!" चूक त्यांचीही नाही. अर्ध्या मालवणचे आवाज मी काढतो, त्यात सरांचा तर फर्मास. शेवटी सरांच्या घरी जाऊन बाईंनाच फोन दिला, तर आमच्यातला सुहास म्हणतो, "बाईंचो आवाज पण मस्त काढतस रे!" आधी हसू आलं... मग रडू आवरेना.

सर निवृत्त मराठीचे मास्तर. शनिवारी दुपारी त्यांच्या पडवीत आम्हा पोरांना लिहायला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर प्रत्येकाने आपलं एक पान लिहून आणायचं, सगळे कागद मिसळायचे आणि वाचायचं दुसऱ्याने. सर निळी प्लास्टिकची खुर्ची अंगणाकडे फिरवून, आमच्याकडे पाठ करून बसायचे. ऐकून झालं की विचारायचे, "कोणी लिवल्यान ह्यां?" आणि वळून न बघता स्वतःच ओळखायचे. बेनी चिडून लिहायची, ती लगेच सापडायची. सुहासच्या प्रत्येक गोष्टीत कोणीतरी जेवायचंच, तोही सापडायचा. मी मात्र कधीच नाही.

मी मासळीच्या लिलावात ओरडणारी मावशी लिहायचो, एसटीचा कंडक्टर लिहायचो. पोरं लोळायची, सर हसून हसून खोकायचे आणि मग म्हणायचे, "मावशी इली, कंडक्टर इलो. ह्येच्यात तू खंय आसस रे?"

"रजेवर आसय, सर!" मी त्यांच्याच आवाजात सांगायचो. पुन्हा हशा. पण घरी जाताना ते टोचत राहायचं. सरांनी मला एकदा तरी ओळखायला हवं होतं.

ते आजारी पडले तेव्हा एक पान घेऊन गेलो. सर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. मी गुपचूप कागद बाईंच्या हातात दिला. त्यात एवढंच होतं, की बाबा गेल्यावर आई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "त्यांचो आवाज काढ मा रे एकदा." गावभरचे आवाज काढणारा मी, तोंड उघडून उभा राहिलो... आलाच नाही. "ऱ्हवांदे," आई म्हणाली आणि कढई घासत राहिली.

बाईंनी ते मोठ्याने वाचून संपवलं.  सर भिंतीलाच म्हणाले, "बंट्या... इलस मा रे शेवटी?"

माझं कौतुक आजवर खूप झालंय, पण ते सगळं दुसऱ्यांच्या आवाजांचं. माझ्या वाटणीचं कौतुक मला सरांनी दिलं, तेही माझ्याकडे न बघता.

परवाच्या शनिवारी सरांकडे हल्ली येणारी लहान पोरं पडवीत जमली. निळी खुर्ची अजून अंगणाकडेच तोंड करून होती, बाईंनी हलवली नव्हती. पोरांनी मला तिच्यात बसवलं. एकाने पान वाचलं. आता बंट्यादादा सरांच्या आवाजात विचारणार म्हणून सगळे टपलेले. मीही घसा साफ केला, आणि निघाला तो माझाच साधा आवाज.

"कोणी लिवल्यान ह्यां?"

कोणी हसलं नाही. मान आपोआप मागे वळायला लागली, तेवढ्यात मागून छोटी स्वरा ओरडली, "दादा, वळान बघूचा नाय हां! सर कधी बघूक नाय."