पावाच्या पाठीवरचं पान

जेर्मानो कुठलाही पाव आधी उलटा करून बघायचा, मगच तोंडाला लावायचा. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या बेकरीत चाळीस वर्षं भट्टीसमोर भाजून निघालेला माणूस. बायकोच्या हातचा पावसुद्धा या तपासणीतून सुटत नसे. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून येताना दोघांनी फारसं काही आणलं नव्हतं, पण ईस्टरचा गोड पाव कोबीच्या पानावर भाजायची रीत आणली होती. पानाच्या शिरा पावाच्या पाठीवर उमटायलाच हव्यात.

आता तो अंथरुणाला खिळला होता. हृदय इतकं नाजूक की डॉक्टर म्हणाले, धक्का म्हणून बसता कामा नये. म्हणून त्यांचा एकुलता एक मुलगा नेलियू तीन आठवड्यांपूर्वी मासेमारीच्या बोटीसकट बुडाला, हे देओलिंदाने नवऱ्याला सांगितलंच नव्हतं. बोट उत्तरेला गेलीय, मासळी चांगली लागलीय, असं ती रोज सांगे. तिच्या सांगण्यात बोट इतकी वर गेली होती की आणखी आठवड्याभरात पृथ्वीच्या पलीकडे उतरली असती. बाहेरून आली की सुतकाचे काळे कपडे जिन्याखाली उतरवून, फुलाफुलांचा झगा चढवून ती वर यायची.

ईस्टर आला आणि पंचाईत झाली. मयताच्या घरात वर्षभर गोडाचं पीठ मळत नाहीत; शेजारपाजारचे देतील ते खायचं. देओलिंदाने तरी परात काढली. पीठ घेतलं, अंडी फोडली, पण हात काही आत जाईना.

गावात आता गोड पाव बारमाही मिळतो, पेट्रोलपंपावरसुद्धा, प्लास्टिकच्या पिशवीत. तिने एक आणला, पिशवी लपवली, कोबीच्या पानावर ठेवून गरम केला. पानाचा वास लागला. शिरा मात्र कच्च्या पिठावरच उमटतात, भाजलेल्या पावावर नाही. हे घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही.

जेर्मानोने पाव उलटा केला. गुळगुळीत पाठीवरून बराच वेळ अंगठा फिरवला.

"कोण गेलं आपल्या घरातलं?"

"काहीतरीच तुझं, म्हाताऱ्या. हात दुखतात माझे. विकतचा आणला."

"हात मोडला होता तुझा, त्या वर्षीसुद्धा एका हाताने मळला होतास."

तिने पाव कापायला घेतला. उत्तरेकडच्या मासळीचं सांगू लागली.

"नेलियू?"

सुरी पावात अर्ध्यावर थांबली. जेर्मानोने ती तिच्या हातातून काढून बाजूला ठेवली. म्हणाला, "जा, काळे कपडे घालून ये. आता वरच बदलत जा. रोज जिन्याखाली कपडे बदलतेस ते वर ऐकू येतं. गारठतेस."