डाव्या अंगाचा बैल

मला चित्रं काढायला कुणी शिकवलं नाही. हे सांगितलं की लोक कौतुकानं बघतात. माझी मात्र ती तक्रार आहे. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पातून उरलेल्या रंगांच्या ट्यूब घेऊन मी अडतिसाव्या वर्षी बसले आणि तेव्हापासून मोबाईलच माझा मास्तर झाला. सावली कशी टाकायची, लुगड्याच्या चुण्या कशा काढायच्या, सगळं त्यानं दाखवलं. फक्त माझा कागद त्याला दिसत नव्हता. मी चुकले तरी तो आपला पुढच्या व्हिडिओकडे निघून जायचा.

घरात विचारावं तर नवरा सैन्यात. चित्राचा फोटो पाठवला की फोनवर अंगठा यायचा. आंबे काढले, अंगठा. आमची म्हैस काढली, अंगठा. एकदा चिडून कोऱ्या कागदाचा फोटो पाठवला, त्यालाही अंगठा आला. सांगलीला माहेरी आई म्हणायची, "छान आहे गं, पण जेवलीस का?" छान, छान ऐकून डोकं उठायचं. आपलं चित्र चांगलं झालंय की वाईट, हे माझं मला कळत नव्हतं. सकाळी आवडलेलं दुपारी फाडावंसं वाटायचं. एका जागी बसवत नव्हतं. गॅसवर दूध, हातात ब्रश. दूध उतू जायचं, ब्रश वाळायचा आणि दोन्हींचा राग भांड्यांवर निघायचा.

अशात सांगलीत हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. चित्रं बघायला एक निवृत्त चित्रकला शिक्षक येणार होते. ते तोंडावर बोलतात, अशी त्यांची ख्याती होती. मला तेच हवं होतं. एकदा कुणीतरी जाणत्या माणसानं सांगून टाकावं, बाई, तुझ्यात काही आहे किंवा नाही. नाही म्हणाले तर रंग माळ्यावर टाकून मोकळी होईन, असं मी मनाशी ठरवलं होतं.

विषय घरातच सापडला. लोणंदजवळच्या आमच्या गावी, सासरच्या अल्बममध्ये एक जुना फोटो होता. दारात खिलारी बैलांची जोडी आणि दोन्ही कासरे हातात धरून मध्ये माझे सासरे, तरुणपणीचे. जोडी मी लग्न होऊन येण्याआधीच गेली होती; आता दारात ट्रॅक्टर उभा असतो. एका बैलाचं शिंग जरा वाकडं होतं, त्यामुळं तो लगेच नजरेत भरायचा. फोटोत सासऱ्यांच्या तोंडावर टोपीची सावली पडली होती, चेहरा दिसतच नव्हता. मी तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतून घेतला, हसरा. आणि फोटोत बैल डावीकडे तोंड करून होते, ते मी मोबाईलवर उलटवून उजवीकडे केले. बघणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे जाते, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. उलटवल्यावर चित्र खरंच बसलं. तीन आठवडे खपून मी ते कॅनव्हासवर उतरवलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. माझ्या चित्रांना ते कधी छान म्हणाले नाहीत आणि वाईटही म्हणाले नाहीत. मी पडवीत रंगवत बसले की पलीकडं बसून तंबाखू मळायचे. निघायच्या आदल्या दिवशी ते चित्रापुढं येऊन उभे राहिले आणि बराच वेळ हलेनात.

"ह्यो हिकडं न्हवता," ते वाकड्या शिंगाच्या बैलावर बोट ठेवून म्हणाले.

"मामा, रंग ओला आहे!"

"आगं पर ह्यो डाव्या अंगाचा बैल. उजवीकडं कशाला बांधलास?"

मी त्यांना फोटो उलटवल्याचं समजावून सांगितलं. नजर, रचना, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यो कवाच उजवीकडं गेला न्हाई. नांगराला डावीकडं, गाडीला डावीकडं. गव्हाणीला बी डावीकडंच. जू नसलं तरी बाजू सोडायचा न्हाई. तू उजवीकडं लावलास तर त्यो पाऊल टाकायचा न्हाई बघ."

"चित्रातला बैल कुठं पाऊल टाकतोय मामा?" मी फणकाऱ्यानं म्हटलं. ते परत जाऊन तंबाखू मळायला बसले. त्याचा मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळून लोणंदहून सांगलीची गाडी धरली. डब्यात तीनचार जणांनी विचारलं, काय आहे हो, आरसा का? मी हो म्हटलं. साताऱ्यापर्यंत मी मामांशी मनातल्या मनात भांडत होते. कराड मागं पडलं तेव्हा भांडण संपलं होतं आणि मी चादरीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते.

प्रदर्शनात ते शिक्षक माझ्या चित्रापाशी थांबले. मागं सरकले, पुढं आले. "कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं. कुठंच नाही, म्हटलं. "रचना उत्तम आहे. बैलांची तोंडं उजवीकडे आहेत, म्हणून नजर सरळ चित्रात शिरते. हे न शिकता कळणं सोपं नाही." भोवतीच्या चार जणांनी माना डोलावल्या. एका गृहस्थांनी चित्र विकत मागितलं.

ज्याच्यासाठी जीव टाकत होते ते मला मिळालं होतं. मी हसून आभार मानायला हवे होते. पण माझं लक्ष त्या वाकड्या शिंगाकडं. बैल उजवीकडं उभा होता, अवघडून, परक्याच्या गोठ्यात बांधल्यासारखा. मला आता दुसरं काही दिसतच नव्हतं. चित्र विकायचं नाही, असं मी जरा तुटकच सांगितलं आणि ते गृहस्थ दुखावले. माहेरी गेल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाले गं? छान म्हणाले, मी म्हटलं आणि रडूच आलं. आई घाबरली.

परत आल्यावर मी नवा कॅनव्हास ताणला. फोटो न उलटवता घेतला, बैल डावीकडे बघणारे; मामांचा चेहरा मात्र तोच, हसरा. चित्र बसेना. नजर कडेवरून बाहेर पडायची. प्रदर्शनातले शिक्षक म्हणाले होते ते खरंच होतं आणि मामा म्हणाले होते तेही खरंच होतं, दोन्ही एका कापडात मावेनात. चार वेळा पुसलं. शेवटी जोडी उजव्या कडेला सरकवली आणि तिच्यापुढं मोकळा रस्ता सोडला. तो इतका रिकामा वाटायला लागला की मी तिथं आंब्याचं झाड काढायला घेतलं.

"तितं झाड न्हवतं," पडवीतून आवाज आला.

मग रस्ता रिकामाच ठेवला. आता मामा रोज येऊन उभे राहायचे आणि रोज काहीतरी चूक काढायचे. वशिंड लय उंच झालंय. मागच्या पायावर भार न्हाई. बैल काय फोटोला उभा राहिलाय व्हय? मी चडफडायचे, भांडायचे आणि दुरुस्त करायचे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तळमळले ते मिळाल्यावर मला ते सोसत नव्हतं, हेही सांगायला हवं. दोनदा मी ब्रश फेकला. एकदा त्यांनीच तो उचलून आणून दिला.

एक दिवस ते खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बैल झालं बग. बराबर हायती."

मी आनंदानं ब्रश धुवायला घेतले.

"पर धरणारा चुकलाय."

"म्हणजे?"

"मी हासत न्हवतो गं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "बाजाराला निघालोवतो. इकायला. माजा भाऊ रजेवर आल्ता, त्यानं काडला फोटू. ट्रॅक्टर ठरला हुता तवा."

घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. मी तीन महिने दोन चित्रांत त्यांना हसवत होते आणि ते रोज समोर उभे राहून बैलांचे पाय तपासत होते. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशीचा चेहरा कुठल्याच फोटोत नव्हता. मी नवा कागद घेतला आणि म्हटलं, "मामा, तुम्ही कसे उभे होतात? उभे राहा ना."

ते म्हणाले, "आता ह्या वयात?" पण अंगणात गेले. ट्रॅक्टरकडं पाठ करून उभे राहिले. उजवा हात सैल सोडला. डावी मूठ छातीशी आवळून धरली.

"डावा इतका जवळ का?"

"वाकड्या शिंगाचा माघारी वळून घराकडं बघायचा. त्याला आखूड धरलावता."

मी याआधी जिवंत माणूस समोर ठेवून कधी काढला नव्हता. घाईघाईनं रेघा ओढल्या. खांदा आला, मान आली, डोळे उतरले. मूठ आली आणि मी थांबले. मूठ चुकली होती. तिच्यात कासऱ्याची ओढ नव्हती, नुसती बोटं मिटलेली होती. मामा अजून आपल्या जागी होते, त्यांनी कागद पाहिलासुद्धा नव्हता.

मी मूठ पुसली आणि म्हटलं, "मामा, हात खाली घेऊ नका. माझं चुकलंय."