सखूची ओळ मी पाडली

कोलशेतापासून मानपाड्यापर्यंत आगऱ्यांच्या कुठल्याही घरात सखुबाईचं नाव काढा. लग्न ठरलं की हॉलवाल्याच्या आधी तिला निरोप जायचा. सखू धवलारीण. आमच्यात लग्नाच्या प्रत्येक विधीला धवला गावा लागतो, आणि गाणारी रुसून उठली तर भटजीही हात चोळत बसतो. सखू पुढे गायची, मी मागे. चाळीस वर्षं. दोघींचे बाप मिठागरावर, दोघींची शाळा नावापुरती. मी निदान अक्षरं जुळवते, तिला तेवढंही नाही. पण धवले सगळे तोंडपाठ. एकदा नवऱ्याचा मामा दारू पिऊन मांडवात आला, तर हिने त्याचं नाव धवल्यात घालून त्याची अशी हजेरी घेतली की तो जेवायलाही थांबला नाही.

अशा बाईच्या छातीत गेल्या आखाडात कळ आली. तिच्या मुलाने, उत्तमने, तिला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून आणला. इथपर्यंत पोराला नाव ठेवायला जागा नाही. पण घरी आल्यावर जो भेटेल त्याला सांगत सुटला, आईचं इंजिन नवीन झालं, आता वीस वर्षं बघायला नको. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं की परत दुखलं, दम लागला तर लगेच या, साखर सांभाळा. तो कागद फाइलीत, फाइल कपाटात, कपाटाची किल्ली सुनेच्या पर्समध्ये. जिच्या छातीचा कागद, तिला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायला घरात कुणाला वेळ नाही.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम लागला. दुसऱ्याच लग्नात माझ्या लक्षात आलं, ओळीच्या शेवटी सखूचा श्वास पुरत नाही. आमच्या कामाचा एक नेम आहे. पुढचीची ओळ संपायच्या आत मागचीने ती उचलायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. ओळ पडली की लोक अपशकुन धरतात. मग मी दोन शब्द आधी उचलू लागले. पुढे चार. पौषानंतर तर अर्धी ओळ माझीच. मांडवात कुणाला पत्ता नाही. बायका म्हणायच्या, दोघींचे आवाज काय एकजीव झालेत. मीही मूर्खासारखी मान डोलवायचे.

विचारलं तेव्हा सखू म्हणाली, जिना चढला की छाती आवळते, बसलं की सुटते, पण उत्तमला सांगशील तर याद राख, तो माझा हंगाम बंद करील. तरी मी सांगितलं. उत्तम हसला. काकी, स्टेंट लोखंडाचा असतो, तो काय परत बुजणार? गॅस असेल. म्हणून तिला नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या शहाण्याने छातीची ईसीजीची पट्टी काढली नाही, आधीची फाइल मागितली नाही. आजी, वय झालं, वडे खायचं कमी करा, म्हणून गुलाबी औषधाची बाटली हातात दिली. पुरुषाच्या छातीत दुखलं की लोक गाडी काढतात. बाईच्या दुखलं की काल काय खाल्लंस ते विचारतात. त्या बाटलीकडे बघून आजही माझं टाळकं फिरतं. सखूने ती मुकाट्याने संपवली, वर म्हणाली बरं वाटतं. तिचाही राग येतो मला.

माघात मानपाड्याला लग्न होतं. सकाळची वेळ, नवरीला हळद लावायचा धवला चालू. हवा गार, वर पंखा, आणि सखूचं कपाळ घामाने भिजलेलं. डावा हात पदराखाली छातीवर दाबलेला. तिसऱ्या ओळीला तिने माझ्याकडे बघितलं. उचल, असं ते बघणं.

मी तोंड मिटलं.

ओळ पडली. दोनशे माणसांत नुसती सखूची धाप ऐकू येऊ लागली.

"कनाला गप झालीस गो, शेवंते?" तिने कसंबसं विचारलं.

उत्तम नाश्त्याची प्लेट घेऊन खांबाशी उभा होता. मी त्यालाच म्हटलं, "ऐक रे नीट. हा गॅस आहे का?"

त्याने प्लेट खाली ठेवली. गाडी तोच घेऊन आलेला, दोघांनी धरून तिला बसवलं. मी चढत होते तेव्हा नवरीच्या आत्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शुभकार्यात ओळ पाडणारी बाई दारात नको, म्हणाली. मागाहून कळलं, कुणीतरी मोबाइलवर धवला लावला आणि हळद उरकली. म्हणजे आमच्यावाचून अडतही नव्हतं.

हॉस्पिटलात ऋजुता नावाची डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची. तिने तपासणीचं चित्र दाखवलं. स्टेंट जागेवरच होता, पण आतून मांस वाढून वाट दहा भागांतले नऊ भाग बुजलेली. कान टोचल्यावर एखादीच्या भोकाशी गाठ येते ना आजी, म्हणाली, तशी आतली जखम भरताना जास्तच भरली. साखर असली की हे जास्त होतं. इलाज आहे, औषध लावलेला फुगा आत नेऊन फुगवतात. पण दुखायला लागल्या लागल्या यायला हवं होतं. त्याच दिवशी तिने तो फुगा घातला. सखू वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद भरत होती. आधी कुणाच्या लक्षात आलं, असं तिने विचारलं. उत्तम म्हणाला, मीच म्हणत होतो, आईला दम लागतोय.

सखू कालपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडलेली. तशीच म्हणाली, "खोटं नको बोलू रं. हिनं मांडवात ओळ पारली माझी. चालीस वरसांचं नाव घालवलं."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तीन महिने."

तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मग तीन महिने काय करत होतात?"

"गात होते," मी म्हटलं. "तिच्या वाटणीचंही."