अपडेटवरचा बहिष्कार

चालतं मशीन मोडीत काढायला लावणं ही दादागिरी आहे, असं मी त्या पत्रकाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. त्यातला एकही शब्द मागं घ्यायला मी आजही तयार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं माझा पराभव झालेला आहे, आणि हरलेली माणसं नंतर फार गोड बोलायला लागतात. मी लागणार नाही.

आमचं गाव तालुक्याचं आहे. नाव सांगत नाही, कचेरीतल्या लोकांचा उगाच गैरसमज होईल. एका अंगानं मुखेडची एसटी येते, दुसऱ्या अंगानं चाकूरची. शिकायला लातूर आणि मोठ्या दवाखान्याला नांदेड, अशी आमची वाटणी. लातूरला शिकताना मी चळवळीत शिरले आणि पत्रकं लिहू लागले. शिष्यवृत्ती, वसतिगृहातलं पाणचट वरण, एसटीच्या बंद केलेल्या फेऱ्या, जे समोर येईल त्यावर. पत्रकाला मथळा लागतो, मागणी लागते आणि मुदत लागते. मुदत नसेल तर ते पत्रक नाही, निबंध आहे.

वस्तीतल्या विहाराला लागून आमची अभ्यासिका आहे. तिथं चार कॉम्प्युटर आहेत. त्यातले तीन एका ऑफिसनं जुने म्हणून काढले होते, ते आम्ही मागून आणले. चौथा जरा नवा, वस्तीतल्या एका मुलीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिनं पाठवलेला. टायपिंगचा सराव करणाऱ्या सगळ्या पोरी याच चारांवर बसायच्या, आणि त्यांच्यात माझी वहिनी.

वहिनी बारावी होऊन आमच्या घरात आली. बीए तिनं इथं राहून केलं, पोरगं मांडीवर घेऊन. क्लार्कच्या भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली, तेव्हा दादानं वस्तीत पेढे वाटले आणि तिनं त्याला झापलं, कारण खरी अडचण पुढं होती. टायपिंगची चाचणी बाकी होती. कॉम्प्युटरवर, मराठीत, वेळ लावून. त्यात नापास झालं की सगळं परत लेखीपासून, आणि पुढची भरती कधी निघेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम कंपनी वाऱ्यावर सोडणार. नवी घ्या, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. आमच्या तीन मशीनांवर तर नवी बसतच नव्हती. म्हणजे टंकलेखनाला ठणठणीत असलेली मशीनं कंपनीच्या लेखी मेली.

गावात फॉर्म भरून देणारं एक ऑनलाइनचं दुकान आहे. तिथं त्या दिवसांत नुसते अंदाज चालायचे. दुकानदार मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, आणि व्हिडिओतला माणूस ज्याला 'असं ऐकतो' म्हणायचा, ते हा 'असं ठरलंय' म्हणून पुढं द्यायचा. सुरुवातीचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध येणार. खिडक्यांचे कोपरे गोल होणार. पडद्यावर डोंगर जाऊन निळं फूल येणार. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाजवळच्या खुणा कुलपात जाणार. पुढं पुढं तर कीबोर्डच जाणार, आपण फक्त बोलायचं आणि ते लिहिणार. यावर एका आजोबांनी विचारलं की मग आपल्या इकडचं बोललं तर ते लातूरचं लिहील का पुण्याचं? दुकानदार म्हणाला, ते अजून ठरलं नाही.

वहिनीला फुलाशी काही घेणं नव्हतं. तिचा एकच प्रश्न होता.

"मराठी कुठून चालू करायचं असतंय त्यात?"

इंग्रजीवरून मराठीवर जायची खूण आमच्या जुन्या मशीनांत घड्याळाशेजारी होती. तिथं बोट जायची सवय तिला लागली होती. नव्यात ती कुठं असेल, हे कुणालाच सांगता येईना. आणि चाचणीच्या केंद्रावर जुनी असेल का नवी, हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रवेशपत्रावर वेळ होती, ठिकाण होतं, कुठला फोटो आणायचा तेही होतं. सिस्टीमचं काही नव्हतं.

मला संताप आला. पुण्या-मुंबईच्याही पलीकडं कुठंतरी बसून एक माणूस बटण सरकवतो आणि आमच्या बाईची झोप उडते. त्याला कुणी विचारलं? मी बसल्या जागी पत्रक लिहिलं. मथळा: 'चालतं मशीन मोडीत काढणाऱ्यांचा जाहीर निषेध'. मागणी: जुनी सिस्टीम चालू ठेवा. मुदत: आठ दिवस.

आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की सभा बसते. कुणीही ठराव मांडावा, कुणीही विरोध करावा, हात वर करून निकाल. हे सगळीकडं असतं. पण आमची एक रीत बाहेर कुठं मी पाहिली नाही. ज्याचा ठराव पडतो, त्यानंच जिंकलेला ठराव अमलात आणायचा. जुन्या माणसांनी ही रीत पाडली, कारण हरलेला माणूस घरी जाऊन तोंड फिरवून बसतो आणि वस्तीत दोन तट पडतात. हरलेल्याच्या हातात झाडू द्या, म्हणजे तो तट पाडायला मोकळा राहत नाही. मी या रीतीची मोठी भक्त होते. तोपर्यंत माझा एकही ठराव पडला नव्हता.

बहिष्काराचा ठराव एकमतानं मंजूर झाला. चारही मशीनांनी जुन्यावरच राहायचं, चौथं नव्याला योग्य असलं तरी. वहिनीनंही हात वर केला होता. मी चौथ्याची इंटरनेटची वायर काढून कपाटात ठेवली, आणि सोमवारी आम्ही कचेरीवर गेलो.

कॉम्प्युटरच्या कंपनीविरुद्धचं निवेदन तालुक्याच्या कचेरीत का, असं लातूरच्या माझ्या मैत्रिणी अजून विचारतात आणि हसतात. अहो, मग कुठं द्यायचं? पाणी आलं नाही तर कचेरी, रेशन आलं नाही तर कचेरी. आम्हाला सरकार म्हणून एवढं एकच दार माहीत आहे. आम्ही सहा-सात बायका होतो. टेबलामागच्या बाबूनं निवेदन वरून खाली वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, कंपनी अमेरिकेत हाय. साहेब काय करतील ह्याला?"

"वर कळवतील," मी म्हणाले.

"वर म्हंजे नांदेडला?"

"नांदेडनं त्याच्या वर कळवावं. असं करत करत पोचेल की अमेरिकेला."

त्यानं पोच म्हणून शिक्का मारला आणि मग हळूच म्हणाला, "आमचं तर गेल्याच आठवड्यात बदललं. कुणी इचारलं आम्हाला? तुम्ही लिहिणाऱ्या हाव, आमच्या वतीनं बी दोन ओळी घाला."

मी त्याला कर्मचाऱ्यांनी संघटित का व्हावं हे समजावत होते. त्या वेळात वहिनी टेबलावरून वाकून त्याचा पडदा बघत होती. निळं फूल होतं. बटण मधोमध होतं. तिनं त्याला मराठी कुठून चालू करता म्हणून विचारलं, तर तो म्हणाला की आठवडाभर तेच हुडकून राहिलोय.

परतीच्या वाटेवर बाकीच्या बायका शिक्क्यावर खूश होत्या. बसस्टँडपाशी आल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, कचेरीत आलंय म्हंजे परीक्षेला बी तेच येणार."

मी म्हणाले, हा तुझा अंदाज झाला.

"अंदाजच हाय. पण परीक्षा माझी हाय."

पुढच्या रविवारी ती सभेत उभी राहिली. घरात तिनं मला काही सांगितलं नव्हतं, दादालाही नाही. पदर खोचून तिनं ठराव मांडला: चौथ्या मशीनवर नवी सिस्टीम घ्यावी, बाकी तिन्ही आहेत तशी ठेवावीत. मी विरोधात बोलले, आणि चांगलं बोलले. आज एक मशीन झुकलं तर उद्या चारही झुकतील, म्हणाले. आठ दिवसांची मुदत अजून संपलेली नाही, म्हणाले. मुदत संपायच्या आत आपणच माघार घेतली तर पुढच्या पत्रकाला कोण विचारतं? मागच्या रांगेतून कुणीतरी 'हाव, हाव' म्हणालं. मला वाटलं जिंकले.

वहिनी परत उठली. "ताईंचं पत्रक बरोबर हाय. कंपनी दादागिरी करून राहिली, हे बी बरोबर. पण त्या खुर्चीत मला बसायचंय, कंपनीला न्हाई."

ती एवढंच बोलली आणि बसली. हात वर झाले. माझ्या सगळ्या मोर्चांना आलेल्या बायकांचे हात तिच्या बाजूनं होते. माझ्या आईनं माझ्याकडं न बघता हात वर केला. आमच्या सभेचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी हात मोजायचेही कष्ट घेतले नाहीत. माझ्याकडं बघून फक्त म्हणाले, "रीत ठाऊक हाय ना, बाळ?"

म्हणजे ज्या अपडेटवर मी बहिष्कार पुकारला होता, ते मलाच बसवायचं होतं.

कपाटातून वायर काढली. वायरचं नेट पुरेना तेव्हा माझ्या मोबाईलचं जोडलं. दुपारभर मी त्या पडद्यासमोर बसून राहिले. एका आकड्यावर येऊन तो अडायचा आणि खाली हुकूम यायचा, मशीन बंद करू नका. आयुष्यात मी कुणाचे इतके हुकूम ऐकले नसतील. पुढं चला. थांबा. अटी मान्य आहेत का? त्या अटी वाचायला घेतल्या तर त्या संपेनात. वहिनी शेजारी बसून मटकी निवडत होती. म्हणाली, "दाबा की ताई, निषेध म्हणून दाबा." मी निषेध म्हणून 'मान्य आहे' दाबलं.

ऊन उतरता उतरता निळं फूल उगवलं. ऑनलाइनवाल्याचे निम्मे अंदाज खरे निघाले. बटण मधोमध, कोपरे गोल. कीबोर्ड मात्र शाबूत होता. आणि मराठीची खूण? तीही घड्याळाशेजारीच होती, होती तिथंच; बाबूच्या मशीनवर बहुधा कुणी मराठी बसवलंच नव्हतं. ज्यासाठी झोप उडाली ते हललंच नव्हतं. वहिनी तिथंच मटकीचं ताट घेऊन हसत सुटली. मला राग आला आणि मग मीही हसले. कंपनीला ही एक ओळ आधी सांगता आली असती, हे माझं म्हणणं मात्र कायम आहे.

कष्ट दुसऱ्याच गोष्टीला पडले. जुन्या टाइपरायटरसारखी कळांवरची अक्षरांची मांडणी त्या नव्यात वेगळी बसवावी लागली, त्यात काही संध्याकाळी गेल्या. आणि वहिनीचा हात सुरुवातीला सारखा डाव्या कोपऱ्यात जायचा. बटण तिथं नसलं की ती गोंधळायची, आणि गोंधळली की ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यायची. मी शेजारी बसून उतारे वाचायचे. उतारे संपले तेव्हा माझी जुनी पत्रकं वाचायला घेतली. एसटीच्या फेऱ्यांचं पत्रक तिनं इतक्यांदा टाइप केलं की त्यातली एक मागणी तिला पटेना. तिथं थांबून ती माझ्याशी भांडली, मग परत टाइप करायला लागली. हळूहळू हात डावीकडं जायचा थांबला.

चाचणी नांदेडच्या पुढं, विष्णुपुरीच्या बाजूला होती. दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. सकाळच्या गाडीत ती मांडीवर बोटं चालवत होती, जसं कुणी मनात पाठ म्हणतं. ती आत गेली आणि मी गेटबाहेर लिंबाखाली बसले. तिथं दुसऱ्यांचे नवरे होते, सासवा होत्या, एकीचा बाप होता. सगळ्यांचं एकच चाललेलं, आत जुनी असेल का नवी. एक नवरा शपथेवर सांगत होता की जुनीच. पिशवीत पत्रकं उरलेली होती, ती मी वाटली. त्या शपथेवाल्यानं माझं पत्रक नीट घडी घालून वारा घ्यायला वापरलं. वाचलं नाही, पण टाकलंही नाही.

गेट उघडलं तशी पोरी बाहेर यायला लागल्या. वहिनी सगळ्यांत शेवटी आली, चपलेचा बंद नीट करत.

"कुठली होती?" मी विचारलं.

"काय कुठली?"

"सिस्टीम!"

ती थांबली. खरंच आठवून बघायला लागली. "नवीच असंल. बटण मधी होतं वाटतं. मी तिकडं लई बघितलंच न्हाई." मग पदरानं कपाळ पुसून म्हणाली, "उतारा पुरा झाला, ताई. वाचून बी काढला परत."

आम्ही रस्त्याच्या कडेला उसाचा रस प्यायलो. तिनं दुसरा ग्लास मागितला. ती कधी मागत नाही.

ती पास झाली. अभ्यासिकेतली ती तीन म्हातारी मशीनं अजून इंटरनेटविना चालू आहेत, त्यांच्यावर पोरी बोटं बसवतात, आणि चौथ्यावर शेवटचा सराव करतात. कंपनीकडून उत्तर आलेलं नाही. मी स्मरणपत्र दिलंय, आणि त्यात त्या बाबूच्या दोन ओळीही घातल्यात.

वहिनीला नेमणूक मिळाली नांदेड जिल्ह्यातच, एसटीनं जाऊन-येऊन होण्यासारख्या गावी. पहिल्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून गेली आणि दुपारच्या आत तिचा फोन आला. मी विचारलं, कुणी काही बोललं का? टेबल दिलं का? खुर्ची दिली का?

"दिली की. खुर्ची हाय, टेबल हाय, पंखा बी डोक्यावरच हाय. कॉम्प्युटर लावला तर अपडेट होऊन राहिलंय. बंद करू नका म्हणतंय."

मी लगेच सुरू झाले. पहिल्याच दिवशी, कामाच्या वेळात, कुणाच्या परवानगीनं, हे लेखी विचारायला पाहिजे. मथळासुद्धा सुचला होता.

"होऊ द्या ताई," ती म्हणाली. "माझा पगार चालू हाय." आणि संध्याकाळी भाजी काय करायची ते विचारायला लागली.